ग्रीक वाङ्मयांतील पूर्वग्रहवाचक शब्द

जुन्या शब्दास आजचा अर्थ चिकटवून कागद वाचल्यानें काय घोटाळे होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. स्मृतिग्रंथांतील व्यवहारपदांत 'साहस' हें एक पद आहे. तेथें त्याचा अर्थ बळजबरीनें केलेला गुन्हा असा आहे. मराठींत मात्र साहसाबद्दल मनुष्याची पाठ थोपटतात. एखाद्या नवशिक्यानें मराठी अर्थ मनांत धरून स्मृति उघडली, तर स्मृतिकार शूरांस दंड सांगतात असें त्यास वाटावयाचें! हा घोटाळा घरचा असल्यामुळें चटकन् ध्यानांत येतो. परंतु परक्या भाषेंतील, आणि त्यांतहि भाषांतराच्या द्वारें हातीं आलेल्या शब्दांविषयीं आपण इतके सावध नसतों. 'पूर्वग्रह' या अर्थीं प्राचीन ग्रीक लोक कोणता शब्द वापरीत, हा प्रश्न दिसावयास केवळ कोशाचा आहे. पण प्लेटो, थ्युसिडिडीस आणि एपिक्यूरस यांच्या ग्रंथांतील कांहीं महत्त्वाचीं स्थळें सरळ लागतात कीं उलटीं लागतात, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आजची ग्रीक भाषा जाणणारास हें उत्तर सोपें वाटेल. ती भाषा पूर्वग्रहास 'प्रोकातालिप्सी' म्हणते आणि भोळ्या समजुतीस 'प्रोलिप्सी' म्हणते. (हा दुसरा शब्द रोग येण्यापूर्वीं करावयाच्या प्रतिबंधासहि चालतो.) दोन्ही शब्द रूपानें प्राचीनच आहेत, त्यांचीं जुनीं रूपें 'प्रोकातालेप्सिस' व 'प्रोलेप्सिस'. दोहोंचाहि मुख्य अवयव 'लेप्सिस' म्हणजे घेणें, ग्रहण. 'प्रो' हें आपल्या 'प्र' या उपसर्गाचें भावंड असून येथें त्याचा अर्थ 'आधीं' असा आहे. तेव्हां 'प्रोलेप्सिस' याची फोड 'पूर्व-ग्रह' अशीच होते. शब्दास शब्द ठेवणाऱ्या भाषांतरकारास याहून चांगला प्रतिशब्द मिळावयाचा नाहीं. आणि नेमका येथेंच खड्डा आहे.

'प्रोलेप्सिस' हें नांव या अर्थीं प्रथम एपिक्यूरसानें (इ. स. पू. ३४१–२७०) योजिलें, असें सिसरो आपल्या इ. स. पू. ४५ मधील देवस्वरूपविषयक ग्रंथांत एका एपिक्यूरसपंथी वक्त्याच्या तोंडून सांगतो. एपिक्यूरसाचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. त्याचीं तीन पत्रें डायोजिनीस लेअर्शियसानें आपल्या तत्त्वज्ञचरित्रांच्या दहाव्या पुस्तकांत उतरून ठेवलीं, म्हणून तीं आपणांस मिळतात. त्याच पुस्तकांत एपिक्यूरसाच्या मतें सत्याचीं प्रमाणें कोणतीं हें सांगतांना इंद्रियसंवेदना, प्रोलेप्सिस व सुखदुःखाची जाणीव अशीं तीन नांवें आलीं आहेत. दूर उभें असलेलें जनावर घोडा आहे कीं बैल, असें आपण विचारतों, तें विचारण्यापूर्वींच घोड्याचें व बैलाचें सामान्य रूप मनांत असावें लागतें. वारंवार पाहिल्यानें स्मृतींत सांठलेलें जें हें रूप, तीच प्रोलेप्सिस. म्हणजे ती मनाची खोड नव्हे; ज्ञानाचें माप होय. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर तिची गणना दोषांत नाहीं, प्रमाणांत आहे. (स्मृतीस प्रमाण न मानणाऱ्या आमच्या नैयायिकांस हें मान्य झालें नसतें, ही गोष्ट वेगळी.)

मेनोइकेउस यास लिहिलेल्या पत्रांत एपिक्यूरस देवांविषयीं बहुजनसमाज जें बोलतो त्याचा परामर्श घेतो. या समजुतींस प्रोलेप्सिस हें नांव देण्याचें तो साफ नाकारतो आणि त्यांस 'खोट्या ह्युपोलेप्सिस' म्हणतो. 'ह्युपोलेप्सिस' म्हणजे उचलून धरलेलें, गृहीत घेतलेलें मत. तें खरें असेल किंवा खोटें असेल. आतां भाषांतरकारानें प्रोलेप्सिसच्या जागीं 'पूर्वग्रह' घातला, तर एपिक्यूरस पूर्वग्रहास सत्याचें प्रमाण मानीत होता आणि देवांविषयींचे लोकांचे भ्रम हे पूर्वग्रह नव्हेत असें म्हणत होता, असें निष्पन्न होतें. ज्यानें जन्मभर लोकांच्या मनांतील देवांचें भय घालविण्याचा उद्योग केला, तोच त्या भयाचा वकील ठरतो! 'ह्युपोलेप्सिस' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें एका चित्रांत त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

प्रोलेप्सिस या शब्दाची पत पुढें कशी घसरली, तेंहि थोडक्यांत सांगतों. सिसरोनें त्यास लॅटिनमध्यें 'आंतिसिपातिओ' व 'प्रेनोतिओ' असे दोन प्रतिशब्द दिले. त्यांतील पहिलाच शब्द फ्रान्सिस बेकन यानें इ. स. १६२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'नोव्हम ऑर्गनम' या ग्रंथांत, निसर्गाचें नीट परीक्षण न करतां घाईनें बांधलेल्या मतांस लाविला. जें माप होतें तेंच दूषण झालें.

मग ज्यास आज आपण पूर्वग्रह म्हणतों, तो ग्रीकांस ठाऊक नव्हता काय? चांगलाच ठाऊक होता. पण त्यासाठीं अभिजात ग्रीक भाषेंत एकच एक शब्द नाहीं. त्याचा खरा पत्ता तत्त्वज्ञांच्या पाठशाळेपेक्षां न्यायसभेंत लागतो, आणि तेथील मुख्य शब्द 'दियाबोले' हा होय. 'दिया' म्हणजे आरपार किंवा मधून, आणि 'बाल्लेइन' म्हणजे फेंकणें. दोन मनुष्यांच्या मध्यें कांहीं टाकून त्यांचीं मनें फोडणें हा त्यांतील भाव. कोशांत याचा अर्थ चहाडी, निंदा असा देतात, आणि तो खरा आहे. परंतु अपुरा आहे. मराठींत 'चहाडी' ही सांगणाराची क्रिया आहे. ऐकणाराच्या मनांत ती सांगून झाल्यावर जें राहतें, त्यास आपण 'किंतु', 'विकल्प', 'किल्मिष' असे वेगळे शब्द योजतों. ग्रीक 'दियाबोले' या शब्दांत ती क्रिया व हा गाळ दोन्ही एकत्र येतात. 'कान भरणें' या आमच्या वाक्प्रचारांत भरणारा आणि भरलेला कान दोन्ही दिसतात, म्हणून तो त्या शब्दास पुष्कळ जवळचा आहे.

हिरोडोटसाच्या सातव्या पुस्तकांत ग्रीसवर स्वारी करावी कीं न करावी याविषयीं इराणच्या दरबारांत झालेला खल आहे. मार्डोनियस ग्रीक लोक कसे मूर्ख व लढाईस नालायक, हें क्सर्क्सीस बादशहास रंगवून सांगतो. बादशहाचा चुलता आर्टाबानस त्यास फटकारतो कीं, ही ग्रीकांची दियाबोले आहे. हींत अन्याय करणारे दोघे व सोसणारा एक असतो. पाठीमागें निंदा करणारा हा पहिला अपराधी, आणि पुरती माहिती घेण्यापूर्वींच विश्वास ठेवणारा हा दुसरा. हीं भाषणें इतिहासकारानें रचलेलीं आहेत, हें उघडच आहे. पण येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. दियाबोले येथें एका मनुष्याची नसून एका सबंध लोकसमाजाची आहे, म्हणजे आजच्या जातिविषयक पूर्वग्रहाच्या अगदीं शेजारची. आणि ऐकणारास दोषी धरलें आहे. शिवाय ग्रीक ग्रंथकारानें हा विचार एका इराण्याच्या तोंडीं घातला, हेंहि कांहीं थोडें नव्हे.

याच शब्दावर सॉक्रेटिसाचा सारा बचाव उभा आहे. इ. स. पू. ३९९ मध्यें त्याजवर खटला झाला. प्लेटोनें लिहिलेल्या त्याच्या भाषणांत तो म्हणतो कीं, आपले फिर्यादी दोन प्रकारचे आहेत; आज समोर उभे आहेत ते, आणि वर्षानुवर्षें आपल्याविषयीं कांहींबाही सांगत आलेले जुने. त्यांत जुनेच अधिक भयंकर, कारण हे न्यायाधीश लहान मुलें होते तेव्हांपासून त्यांनीं यांचे कान भरले आहेत, आणि एका विनोदी नाटककारावांचून त्यांतील कोणाचें नांवहि सांगतां येत नाहीं. हा नाटककार म्हणजे आरिस्टोफेनीस; त्याचें 'मेघ' हें नाटक इ. स. पू. ४२३ मध्यें रंगभूमीवर आलें, म्हणजे खटल्याच्या चोवीस वर्षें आधीं. इतक्या काळांत मुरलेली दियाबोले थोडक्या वेळांत उपटून काढावयाची आहे, अशी सॉक्रेटिसाची तक्रार आहे. आणि दोषी ठरल्यावर तो तीच पुन्हां काढतो कीं, प्राणदंडाचे खटले एका दिवसांत उरकावयाचे नाहींत असा कायदा येथें असता, तर आपण तुमची खात्री पटवूं शकलों असतों. केवळ तीस मतें इकडचीं तिकडे झालीं असतीं तर तो सुटला असता.

या स्थळीं भाषांतरकारांची मोठी ओढाताण होते. ते एका ओळींत दियाबोलेचा अर्थ 'निंदा' करितात व पुढच्या ओळींत 'पूर्वग्रह' करितात, आणि वाचकास त्या दोन निरनिराळ्या वस्तु वाटतात. मुळांत शब्द एकच आहे, आणि निंदा हीच कालांतरानें पूर्वग्रह होते हेंच सॉक्रेटिसास सांगावयाचें आहे. भाषांतरांत तो दुवाच तुटतो. ज्यांस मूळ हस्तलिखिताची आवड आहे त्यांच्यासाठीं एवढें सांगतों कीं, हें भाषण ज्यांत आहे अशी प्लेटोची एक फार जुनी चर्मपत्री पोथी इ. स. ८९५ मध्यें आरेथास नामक विद्वानासाठीं नकललेली आहे. ती एडवर्ड डॅनियल क्लार्क या प्रवाशानें इ. स. १८०१ मध्यें पाटमॉस बेटावरील मठांतून मिळविली, व इ. स. १८०९ पासून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे.

आरिस्टॉटलानें या शब्दाचा विचार थंड डोक्यानें केला आहे. वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाच्या आरंभींच तो म्हणतो कीं, दियाबोले, दया, राग हे खटल्याच्या विषयासंबंधाचे नसून न्यायाधीशाच्या मनासंबंधाचे आहेत. पण तिसऱ्या पुस्तकांत तीच दियाबोले कशी उत्पन्न करावी व कशी धुऊन काढावी याचे धडे देण्यास त्यास संकोच वाटत नाहीं: प्रतिवादीनें ती भाषणाच्या आरंभीं निवारावी, आणि वादीनें ती शेवटीं करावी, म्हणजे ऐकणारांच्या स्मरणांत राहते. अनुकूल पूर्वग्रहहि त्याच्या नजरेंतून सुटलेला नाहीं. वक्त्यावरील विश्वास हा त्याच्या भाषणांतून उत्पन्न व्हावा, त्याच्याविषयीं आधींच झालेल्या मतांतून नव्हे, असें तो बजावतो. आणि तेथें 'आधीं मत होणें' यास 'दोक्सा' म्हणजे मत या शब्दावरून साधलेलें एक क्रियापद वापरतो.

पुढें इ. स. च्या दुसऱ्या शतकांत ल्युशियनानें दियाबोलेवर सहज विश्वास ठेवूं नये, या विषयावर एक निबंधच लिहिला. त्यांत अपेलीस या चित्रकारानें काढलेल्या एका चित्राचें वर्णन आहे. उजवीकडे मोठमोठ्या कानांचा एक पुरुष बसला आहे. 'हलक्या कानाचा' असें आपण ज्यास म्हणतों त्याचें हें रूप. फक्त ग्रीक चित्रकारानें कान हलके न करतां लांब केले आहेत. त्याच्या दोन्ही बाजूंस दोन स्त्रिया आहेत, अज्ञान आणि ह्युपोलेप्सिस. एपिक्यूरसाच्या पत्रांतील शब्द तो हाच. समोरून दियाबोले ही सुंदर स्त्री एका हातीं मशाल घेऊन, दुसऱ्या हातानें एका तरुणास केंसांनीं फरफटत आणीत आहे. मत्सर तिला वाट दाखवीत आहे. कपट व फसवणूक तिचा शृंगार नीट करीत आहेत. सर्वांच्या मागें काळीं वस्त्रें नेसलेला पश्चात्ताप मान वळवून सत्याची वाट पाहत आहे. या वर्णनावरून बोत्तिचेल्लीनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढलेलें चित्र फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहांत आहे. ल्युशियन म्हणतो कीं, टॉलेमीविरुद्ध थिओडोटसानें केलेल्या कटांत अपेलीस सामील होता अशी चहाडी झाली, त्यावरून त्यानें हें चित्र काढलें. पण अपेलीस हा अलेक्झांडरचा समकालीन, आणि थिओडोटसाची फितुरी इ. स. पू. २१९ मधील, शंभर वर्षांचें अंतर पडतें. सहज विश्वास ठेवूं नये म्हणून सांगणाऱ्या निबंधांतच ही ऐकीव कथा बिनतपासणीची शिरली आहे!

जातां जातां एक गोष्ट. यहुदी धर्मग्रंथाचें ग्रीक भाषांतर झालें तेव्हां 'सैतान' या हिब्रू शब्दास 'दियाबोलोस' म्हणजे चहाडखोर हा प्रतिशब्द घेतला गेला. इंग्रजींतील 'डेव्हिल' त्यापासून आला. अरबी 'इब्लीस' हाहि त्याचाच अपभ्रंश असें पुष्कळ युरोपीय पंडित मानतात. अरबी कोशकार मात्र तो निराश होणें या अर्थाच्या आपल्याच धातूपासून साधतात. पहिलें मत खरें असेल, तर द्वाड पोरास 'इब्लिस' म्हणणारी आमची आजीबाई अथेन्सच्या न्यायसभेंतील शब्दच उच्चारीत असते.

दियाबोलेच्या जोडीस न्यायसभेंत दुसरा एक शब्द आहे, तो 'प्रोकातागिग्नोस्केइन', म्हणजे सुनावणीपूर्वींच दोषी ठरविणें. याचा सर्वांत हृदयद्रावक उपयोग थ्युसिडिडीसाच्या इतिहासांत प्लाटिया नगराच्या प्रकरणीं आहे. इ. स. पू. ४३१ मध्यें उघड युद्ध सुरू होण्यापूर्वींच थीब्सच्या लोकांनीं रात्रीं प्लाटियांत शिरून तें आधींच बळकावण्याचा यत्न केला. तेथें इतिहासकारानें योजलेलें क्रियापद 'प्रोकातालाबेइन' असें आहे. आजचा ग्रीक मनुष्य पूर्वग्रहास जें 'प्रोकातालिप्सी' म्हणतो तें याच क्रियापदाचें नाम. प्राचीन काळीं त्याचा सरळ अर्थ मोक्याची जागा शत्रूच्या आधीं घेणें एवढाच होता. तो डाव फसला. पण पुढें वेढा पडून इ. स. पू. ४२७ मध्यें उपासमारीनें जेर झालेलें नगर स्पार्टाच्या हवालीं झालें. स्पार्टाहून पांच न्यायाधीश आले. त्यांनीं आरोप असा कांहीं ठेवलाच नाहीं. चालू युद्धांत तुम्हीं स्पार्टाचें अथवा त्याच्या दोस्तांचें कांहीं भलें केलें आहे काय, एवढाच प्रश्न केला. प्लाटियावासीयांनीं बोलण्याची परवानगी मागून जें भाषण केलें, त्यांत ते म्हणतात कीं, आमची योग्यता तुमच्याहून कमी असें तुम्हीं आधींच ठरवून टाकून तोच आमचा गुन्हा कराल, अशी आम्हांस भीति नाहीं. दुसऱ्यांस खूष करण्यासाठीं, आधींच निकाल होऊन गेलेल्या खटल्यांत आम्हांस उभें केलें आहे, ही भीति आहे. पूर्वग्रह आणि ठरवून केलेला अन्याय यांत ते किती बारीक भेद करितात पाहा! पूर्वग्रह असता तर युक्तिवादास कांहीं वाव होता. त्यांची भीति खरी ठरली. तोच प्रश्न पुन्हां एकेकास विचारण्यांत आला, आणि दोनशेंहून कमी नव्हेत इतके प्लाटियावासी व पंचवीस अथेन्सवासी मारले गेले. स्त्रिया गुलाम झाल्या.

अथेन्समध्यें मात्र सुनावणीपूर्वीं मत न बनविणें हें न्यायाधीशाच्या शपथेशीं निगडित होतें. इ. स. पू. ३३० मधील मुकुटप्रकरणीं भाषणाच्या आरंभींच डिमॉस्थेनीस दोन्ही पक्ष सारखे ऐकण्याच्या शपथेची आठवण देतो; आणि हींत कोणासहि आधींच दोषी न धरणें तर आलेंच, पण तेवढ्यानें ती पुरी होत नाहीं, असें म्हणतांना हेंच क्रियापद वापरतो. न्यायाधीश कोणत्या सभेंत बसणार हें चिठ्ठ्यांनीं त्याच दिवशीं सकाळीं ठरत असे. ही सर्व पद्धति 'अथेन्सची राज्यघटना' या आरिस्टॉटलाच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत सविस्तर आहे. हा ग्रंथ कित्येक शतकें गडप होता. इजिप्तमधून ब्रिटिश म्युझियमनें मिळविलेल्या पपायरसांवर तो सांपडला व इ. स. १८९१ मध्यें केनियन यानें छापला. पपायरसांच्या पुढील अंगावर इ. स. ७८-७९ मधील एका शेतीवाडीचे हिशेब आहेत. पाठकोऱ्या बाजूवर कोणी तरी हा ग्रंथ उतरला आहे. जमाखर्चाचे बंद निरुपयोगी म्हणून रद्दींत काढणाऱ्या आमच्या बंधूंनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. त्यांत वर्णिलेलें चिठ्ठ्या काढण्याचें यंत्र म्हणजे खांचांच्या रांगा असलेल्या शिळा होत, हें स्टर्लिंग डाऊ यानें इ. स. १९३७ मध्यें अथेन्सच्या उत्खननांत मिळालेल्या तुकड्यांवरून दाखवून दिलें. ही यातायात लांचाचा बंदोबस्त करण्यास पुरेशी होती. पण दियाबोले सगळ्या शहराच्या कानांत असल्यावर कोणतीहि चिठ्ठी काढली तरी ती बाधलेलाच कान हातीं येणार.

'प्रोकातालेप्सिस' हा शब्द वक्तृत्वशास्त्रांतहि आहे. तेथें त्याचा अर्थ, प्रतिपक्ष जो आक्षेप घेणार तो आपणच आधीं मांडून त्याचें निरसन करणें. आमच्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षच म्हणा ना. या अर्थींहि त्यांत दोषाची छाया नाहीं. आणखी एक शब्द 'प्रोक्रिमा', अक्षरशः पूर्वनिर्णय. तो ख्रिस्ती नव्या करारांत, तिमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, एकदांच आला आहे. लॅटिन भाषांतरांत त्याच्या जागीं 'प्रेयुदिशियम' हा शब्द घातला आहे, आणि इंग्रजी 'प्रेज्युडिस' याच लॅटिन शब्दापासून आला आहे.

आतां पुन्हां प्रोलेप्सिसकडे वळूं, कारण या शब्दाचा एक धागा आपल्या देशाच्या इतिहासापर्यंत येतो. स्टोइक पंथानें तो शब्द एपिक्यूरसाप्रमाणेंच चांगल्या अर्थीं घेतला. त्या पंथाचा एपिक्टेटस (सुमारें इ. स. ५०–१३५) म्हणतो कीं, प्रोलेप्सिस सर्व मनुष्यांस समान आहेत व त्यांत आपसांत विरोध नाहीं, विरोध उत्पन्न होतो तो त्या एकेका गोष्टीस लावतांना. पावित्र्य राखावें याविषयीं यहुदी, सिरियन, इजिप्शियन व रोमन यांचें दुमत नाहीं; डुकराचें मांस खाणें पवित्र कीं अपवित्र यावर मात्र ते भांडतात. हीं प्रवचनें एपिक्टेटसानें लिहिलीं नाहींत. त्याचा शिष्य आरियन यानें टिपून ठेवलीं. हा आरियन म्हणजे अलेक्झांडरच्या स्वारीचा व 'इंडिका' या ग्रंथाचा कर्ताच होय.

त्याच इंडिकेंत मेगॅस्थेनीसाच्या आधारानें सांगितलें आहे कीं, सर्व हिंदी लोक स्वतंत्र असून त्यांत कोणीहि दास नाहीं. आणि लगेच स्पार्टाच्या हेलट नामक दासवर्गाशीं तुलना केली आहे. इकडे मेगॅस्थेनीसानंतर दोन पिढ्यांच्या आंतच अशोक आपल्या शिलालेखांत दास व भृतक यांच्याशीं नीट वागण्यास सांगतो. या विसंगतीवरून मेगॅस्थेनीसास कोणी लबाड ठरवितात, कोणी भाबडा म्हणतात. आमच्या मतें एपिक्टेटसाचीच कसोटी येथें लावून पाहावी. दास म्हणजे काय, याचें मेगॅस्थेनीसाच्या मनांतील रूप ग्रीक होतें, आणि ग्रीसपुरतें तें बरोबरच होतें. घरांत वागणारा, कर्जापायीं किंवा दुष्काळांत दास्य पत्करलेला हिंदी मनुष्य त्या रूपांत बसेना, म्हणून त्यानें तो दास नव्हेच असें धरलें. चूक प्रोलेप्सिसची नव्हे, ती लावण्याची आहे.

उलट बाजूनें स्ट्रेबो. हिंदुस्थानाविषयीं लिहिणारे बहुतेक सर्व खोटे बोलतात, डाइमाकस सर्वांत अधिक व त्याच्या खालोखाल मेगॅस्थेनीस, असा निवाडा त्यानें आपल्या दुसऱ्या पुस्तकांतच देऊन टाकला आहे. आणि पंधराव्या पुस्तकांत हिंदुस्थानाचें वर्णन करतांना त्याच मेगॅस्थेनीसाच्या ग्रंथांतून पानेंच्या पानें घेतलीं आहेत.

ग्रीक व बर्बर अशी मनुष्यजातीची विभागणी चुकीची आहे, असें प्लेटोनें 'राजनीतिज्ञ' या संवादांत एका पात्राकडून वदविलें आहे. पण तेथें त्याचा आक्षेप वर्गीकरणाच्या रीतीवर आहे. याहून पुढें गेला तो एराटॉस्थेनीस. ग्रीकांस मित्र व बर्बरांस शत्रु माना, असा अलेक्झांडरास सल्ला देणारांस दोष देऊन तो म्हणाला कीं, विभागणी करावयाचीच तर सद्गुण व दुर्गुण यांवरून करावी; ग्रीकांत पुष्कळ वाईट आहेत, आणि बर्बरांत हिंदी व आरियाना प्रांतांतील लोकांसारखे सुसंस्कृत, तसेच रोमन व कार्थेजी यांसारखे उत्तम राज्यव्यवस्था असणारेहि आहेत. हा विचार मांडतांना त्यास दियाबोले, प्रोलेप्सिस किंवा वर सांगितलेल्यांपैकीं कोणत्याहि शब्दाची गरज पडलेली दिसत नाहीं. त्याचा भूगोलग्रंथ आज उपलब्ध नाहीं. हा उतारा राहिला तो, त्याचें खंडन करावयास बसलेल्या स्ट्रेबोनें आपल्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटीं तो नमूद करून ठेवला म्हणून.